जिथे रोज मंगळवार असतो

एसुआनोच्या किनाऱ्यावर मंगळवारी कुणी समुद्रात जात नाही. मंगळवार दर्यादेवाचा, बोसोम्पोचा. सहा दिवस त्याच्या घरात घुसून मासे उचलून न्यायचे, तर सातव्या दिवशी त्याला जरा पाठ टेकू द्यावी, एवढीच गोष्ट. त्या दिवशी होड्या वाळूवर ओढलेल्या असतात, पुरुष सावलीत जाळी सांधत बसतात आणि गावातली बहुतेक भांडणं उरकून घेतात, कारण इतर दिवशी भांडायला सवड नसते.

हा मंगळवार सगळं गाव पाळायचं. कोबिना बेंत्सिल मात्र तो राखायचा, आणि पाळणं आणि राखणं यांत भक्त आणि फौजदार यांच्याइतकं अंतर आहे.

मंगळवारी जन्मलेल्या मुलाचं नाव कोबिनाच ठेवतात, त्यामुळे गावात दर दोन घरांआड एक कोबिना सापडतो. पण मंगळवार आपल्या बापजाद्यांच्या नावावर चढलाय अशा थाटात वागणारा हा एकटाच. इतर दिवशी तो साधा तांडेल होता. त्याच्या होडीच्या कडेवर लाल अक्षरांत ‘मी काय केलंय तुमचं?’ असं लिहिलेलं होतं आणि तिच्या खलाशांना त्याच्या शिव्या पाठ होत्या. मंगळवार उजाडला की मात्र मक्याची आंबट पेज पिऊन, ठेवणीतलं कापड खांद्यावर टाकून, हातात काठी घेऊन साहेब गस्तीला निघायचे.

गस्तीचे नियम ठरलेले होते. गुडघ्यापर्यंत पाणी म्हणजे किनारा, गुडघ्याच्या वर पाणी म्हणजे समुद्र. मंगळवारी गुडघा भिजला की कोंबडी द्यायची. कुणी लाटा ओलांडून पलीकडे गेला तर मेंढा द्यायचा आणि त्याची होडी हंगामभर वाळूवर पालथी पडायची. गुन्हेगाराचं वल्हं काढून घेऊन कोबिना ते नाना एजिरांच्या दारात नेऊन टाकायचा. नाना एजिर हे कोळ्यांचे प्रमुख, आणि प्रमुखाला तिथे नाना म्हणतात. वल्हं सोडवायला मालकाला दंड घेऊन त्यांच्याकडे जावं लागे.

या नियमांचा सगळ्यांत गाजलेला बळी म्हणजे एकोव. एकोव शेजारच्या होडीचा तांडेल, कोबिनाच्याच वयाचा, आणि त्याच्या होडीचं नाव ‘जळणाऱ्यांनी जळावं’. एका मंगळवारी वाऱ्यानं त्याची टोपी उडाली आणि पाण्यात पडली. एकोव धावला, वाकला, टोपीला हात लावणार तोच मागून आवाज आला, “गुडघा.”

एकोवनं खाली पाहिलं. गुडघा भिजलेला होता.

“अरे, टोपी आहे ती माझी.”

“होती,” कोबिना म्हणाला. “आता समुद्राची आहे. कोंबडी आण.”

टोपी वाहून गेली ती गेलीच, वर कोंबडीही गेली. रिवाजाप्रमाणे ती कोंबडी पंचांनी शिजवून खाल्ली आणि तिची एक तंगडी राखणदार म्हणून कोबिनाच्या पानात पडली. ही तंगडी एकोव विसरला नाही. कुणाचं बारसं असो नाहीतर मयत, चार माणसं जमली की तो कोबिनाच्या पोटाकडे बोट दाखवून म्हणायचा, “माझी कोंबडी कशी आहे? बरी आहे ना?”

आता सासूबद्दल सांगायला हवं. एसुआनोच्या समोर, लाटांच्या बऱ्याच पलीकडे, चर्चचा मनोरा सावरीच्या मोठ्या झाडाआड लपतो त्या रेषेत, तळाशी काहीतरी पडलेलं होतं. काय, ते कुणाला ठाऊक नव्हतं. जाळं तिथून गेलं की अडकायचं, ओढलं की फाटायचं, आणि नाही ओढलं तर तिथेच राहायचं. ऐन हंगामात कोबिनाचं नवं कोरं जाळं तिथे गेलं, तेव्हा त्यानं उभ्या होडीत दोन्ही हात वर करून त्या जागेचं नाव ठेवलं ‘सासू’. कारण विचारल्यावर म्हणाला, “धरते ते सोडत नाही, आणि घेतलेलं कधी परत देत नाही.”

नाव गावभर झालं. अडचण एवढीच, की ज्या सासूवरून ते ठेवलं होतं तिची मुलगी घरात होती. कोबिनाची बायको एकुआ तारली धुरावर धरायची, बाजारात विकायची आणि बोलताना कुणाची भीडभाड ठेवत नसे. तिची आई मरेपर्यंत जावयाच्या मागे लागली होती, की समुद्र सोड, घरी बस, बायकोला मासे धुरवायला मदत कर. समुद्रावरचा माणूस हा उधार आणलेला नवरा असतो, असं म्हातारीचं मत होतं.

“एसीच्या बापा,” एकुआ म्हणायची, “माझी आई जिवंत असताना तिच्यासमोर तुझं तोंड उघडत नव्हतं. आता समुद्राच्या बुडाशी तिच्या नावानं ओरडतोस.”

“मी प्रेमानं ओरडतो.”

“मग मीपण आजपासून तुझ्यावर प्रेमानंच ओरडते.”

अशात राजधानीहून सेलासी आली. बुडालेली गलबतं शोधणं हे तिचं काम. बाई व्होल्टा नदीकडची, अंगानं किरकोळ. समुद्रात उडी मारायची ती पाठीमागे तोंड करून, खुर्चीवरून कलंडल्यासारखी, त्यामुळे पहिल्या दिवशी किनाऱ्यावरच्या बायका ती मेलीच असं धरून चालल्या. तिला सासूपर्यंत नेऊन आणायला कोबिनाची होडी ठरली.

पहिल्याच सकाळी त्यानं तिला बजावलं, “मंगळवारी नाही जायचं. तुमच्याकडे मंगळवार कधी असतो?”

“सोमवारनंतर, पापा.”

कोबिनाला बाई आवडली.

काही दिवसांनी ती वर आली आणि होडीत बसल्या बसल्या तिनं पाण्याखाली काढलेलं छायाचित्र त्याला दाखवलं. हिरव्या अंधारात पितळी पराती होत्या. परातीत परात, तिच्यात आणखी परात, लग्नघरी घासून एकात एक ठेवाव्यात तशा थप्प्याच्या थप्प्या. सगळ्यांत वरच्या परातीत एक वाम वेटोळं घालून बसली होती आणि कॅमेऱ्याकडे अशा नजरेनं पाहत होती, की कोबिनाला आपल्या सासूची आठवण झाली. बाजूला बांगड्यांसारख्या कड्यांचा ढीग होता. आणि या सगळ्याच्या वर, लुगडं पांघरावं तसं, त्याचं जाळं.

“ते माझं आहे,” कोबिना म्हणाला. मग विचारलं, “एवढ्या पराती कुणाच्या लग्नाच्या?”

“लग्नाच्या नाहीत, पापा. गोऱ्यांची गलबतं हा माल घेऊन यायची. हा इथे उतरवायचा आणि माणसं चढवायची.”

कोबिना वल्ह्यावर हनुवटी टेकून बसला. “एका माणसाला किती पराती?”

“भाव बदलता असायचा.”

कोबिनानं छायाचित्र पुन्हा जवळ ओढून पाहिलं. मग तो म्हणाला, “माल अजून आतच आहे.”

“हो.”

“म्हणजे उतरलाच नाही. म्हणजे त्या खेपेला माणसं गेली नाहीत.”

“या गलबतातून गेली नाहीत,” सेलासी जपून म्हणाली. “पण त्याच्या मागून दुसरं आलंच असेल.”

“दुसऱ्याचं मला सांगू नका. याचं सांगा. हे जायला हवं होतं आणि गेलं नाही. बरोबर?”

“बरोबर.”

त्या दिवशी किनाऱ्याला लागेपर्यंत त्यानं एकाही खलाशाला शिवी दिली नाही, त्यामुळे खलाशी घाबरले. रात्री जेवताना तो एकुआला म्हणाला, “कुणास ठाऊक, माझ्या खापरपणज्याला न्यायला आली असेल ती. आणि इथेच बसली.” आणि त्या दिवसापासून त्याच्या तोंडी ‘सासू’ची ‘सासूबाई’ झाली.

जाण्यापूर्वी सेलासीनं त्याला समजावून सांगितलं, की परात वर काढली की ती नुसती परात उरते. कुठली परात कुठल्या ढिगात होती, कशावर होती, कशाशेजारी होती, यावरूनच गलबताची हकिकत कळते. म्हणून पुरती तयारी होईपर्यंत तळाशी कुणी हात लावता कामा नये. तिनं त्या जागी पाण्यावर एक नारिंगी तरंगतं पिंप बांधलं. किनाऱ्यावर सरकारी शिक्क्याची पत्र्याची पाटी रोवली. ‘राष्ट्रीय ठेवा, हात लावणाऱ्यावर कारवाई होईल’ वगैरे. आणि कोबिनाला म्हणाली, “मी परत येईपर्यंत लक्ष ठेवा, पापा.”

असं काम सांगायला तिनं गावातला योग्य माणूस निवडला होता, फक्त बाकीचं गाव होतं तसंच होतं. नारिंगी पिंप थोड्याच दिवसांत एकोवच्या जाळ्याला बांधलेलं दिसलं. एकोवचं म्हणणं पडलं, की ते वाहत आलं आणि समुद्रातून आलेली वस्तू परत टाकली तर समुद्राला वाईट वाटतं. पाटी तर एका सकाळी खांबासकट गेली. कोबिनानं ती घरोघर शोधली. शोधून दमून घरी यायचा, एकुआनं धुरवलेली तारली केंकीबरोबर, म्हणजे मक्याच्या आंबवलेल्या गोळ्याबरोबर खायचा, सारख्या शिव्या द्यायचा आणि म्हणायचा, “चोर कुठल्या थराला गेले आहेत बघ. सरकारची पाटी.”

“खा गुपचूप,” एकुआ म्हणायची. “मासा गार होतोय.”

तारलीचा हंगाम तोंडावर आला तसा ताकोराडीहून अफ्फुल आला. भंगाराचा धंदा, चकचकीत बूट, आणि बुटांत एसुआनोची वाळू. पाण्याखाली पितळ आहे ही बातमी त्याच्या कानावर गेली होती. रीतीप्रमाणे तो नाना एजिरांकडे जिनची बाटली घेऊन आला आणि पंचांसमोर म्हणाला, “तुमची जाळी फाटतात असं ऐकलं. ती घाण मी काढून नेतो. तुम्हाला काही खर्च नाही.”

पंचांना हे बोलणं गोड लागलं. ज्याचं जाळं सासूनं खाल्लं नाही असा माणूस गावात नव्हता. कोबिना एकटाच उठून उभा राहिला.

“तिला हात लावायचा नाही.”

“कोण बोलतंय बघा,” एकोव म्हणाला. “परवापर्यंत तूच तिच्या नावानं शंख करत होतास.”

“सासूला शिव्या जावयानं द्यायच्या असतात. भंगारवाल्यानं नाही.”

नाना एजिरांनी आयुष्यात एकच निर्णय झटपट घेतला होता, तो म्हणजे नाना व्हायचा. त्यानंतरचे सगळे त्यांनी पुढे ढकलले होते. त्यांनी बाटली ठेवून घेतली, पण उघडली नाही. “हंगाम होऊ दे,” ते म्हणाले. “मग बघू.”

अफ्फुलला हंगामापर्यंत थांबायचं नव्हतं. या किनाऱ्यावर कुठल्या दिवशी समुद्रावर डोळा नसतो, हे त्यानं बरोबर हेरलं. फक्त काठी घेतलेला एक डोळा असतो, हे त्याला कुणी सांगितलं नाही.

पुढच्या मंगळवारी कोबिना गस्तीवर होता. ऊन वर आलं होतं. समुद्र रिकामा, जसा असायला हवा तसा. आणि बरोबर त्या रेषेत, मनोरा झाडाआड लपतो तिथे, एक पांढरी मोटारबोट उभी होती. वाऱ्यावर यंत्राची धडधड येत होती.

कोबिनानं सेलासीला फोन लावला. ती म्हणाली, “मी लगेच पोलिसांना कळवते, पण त्यांची बोट यायला दुपार उलटेल. पापा, तुम्ही जाऊ नका.” दुपारपर्यंत तिथे एक परात उरली नसती. तो नानांकडे धावला. नाना बदामाच्या झाडाखाली पंख्यानं वारा घेत होते. म्हणाले, “मंगळवारी आपण काय करणार? उद्या बोलावून घेऊ त्याला.”

तसाच तो घरी आला. एकुआ भट्टीवरचे मासे उलथत होती. तिनं झाकण उचललं, आणि त्या झाकणाच्या कोपऱ्यात, काजळीतून, सरकारी शिक्का डोकावला.

“ही पाटी,” कोबिना म्हणाला.

“पत्रा आहे. चांगला जाड पत्रा आहे.” एकुआनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. “काय झालं?”

त्यानं सांगितलं. आणि म्हणाला, “मी लाटा ओलांडल्या तर होडी हंगामभर वाळूवर जाईल. नियम माझाच आहे. खाणार काय आपण?”

एकुआनं झाकण खाली ठेवलं. “तिला सासू कुणी केलं? मी नाही केलं. तूच केलंस. आता माझ्या आईला ते लोक भंगारात घालतायत आणि तू इथे धूर खात उभा आहेस.”

“मंगळवार आहे, एकुआ.”

“आईला कुठे माहीत आहे आज काय वार आहे ते?”

कोबिनानं ती काजळलेली पाटी उचलून काखेत मारली आणि किनाऱ्यावर आला. मोठी होडी ढकलायला माणसं लागतात. गळ टाकायचं छोटं होडकं होतं, पण तेही लाटांतून एकट्याला काढता येत नाही. सावलीत एकोव जाळं सांधत बसला होता. बाकीचे जेवायला गेले होते.

“एकोव. मला लाटांपलीकडे जायचंय.”

एकोवनं सुई खाली ठेवली. आपण काय ऐकलं ते त्यानं तोंडात घोळवून पाहिलं, गूळ घोळवावा तसं. “आज?”

“आज.”

“कोबिना बेंत्सिल. मंगळवारी. लाटांपलीकडे.” एकोव उभा राहिला आणि त्यानं अंगावरची वाळू झटकली. “हे बघायला मी वल्हं मारत येतो. पण एक लक्षात ठेव, मी साक्षीदार म्हणून येतोय.”

“साक्षीदार म्हण नाहीतर भुताचा मामा म्हण. ढकल.”

गुडघ्याशी पाणी आलं तेव्हा कोबिना थबकला. फक्त एक क्षण. मग गुडघा भिजला, मांडी भिजली, आणि दोघं म्हातारे होडक्यात चढून लाटांवर आपटत बाहेर पडले. जाताना एकोवनं जाळं, गळ, दोरी, सगळं होडक्यातून काढून वाळूवर टाकलं होतं. “पुरावा स्वच्छ असावा,” तो म्हणाला.

पांढऱ्या बोटीवर अफ्फुल छत्री धरून बसला होता. यंत्रातून दोन नळ्या पाण्यात गेल्या होत्या, म्हणजे दोन पाणबुडे खाली होते. पायाशी पराती. पाण्याबाहेर त्या हिरव्या आणि एकदम लहान दिसत होत्या.

“वर काढा माणसं,” कोबिना ओरडला.

“बाबा, घरी जा,” अफ्फुल म्हणाला. “तुमची आज सुट्टी ना?”

कोबिनानं पाटी उंच धरली. अफ्फुलनं डोळे बारीक करून पाहिलं. पाटीवर काजळी होती आणि तारलीचं तेल होतं, अक्षर एकही नव्हतं.

“मासे विकताय का?” त्यानं विचारलं.

एकोव हसू दाबायला वाकला आणि होडकं कलंडता कलंडता राहिलं.

तेवढ्यात पहिला पाणबुड्या वर आला. तरणा गडी, सेकोंदीचा, म्हणजे कोळ्याचाच पोर. त्यानं तोंडातली नळी काढली, होडकं पाहिलं, काठीवाला म्हातारा पाहिला, आणि हात जोडावेत तसं डोकं लववलं. “काय झालं, नाना?”

“मी नाना नाही. तू कोळी आहेस ना? आज काय वार आहे?”

“मंगळवार. पण परवानगी आहे. मालक म्हणाले, बाटली पोचली आहे.”

“पोचली,” कोबिना म्हणाला. “माझ्या नानांच्या कपाटात पोचली. उघडलीय कुणी? समुद्रावर ओतलीय? कुणी नाव घेतलंय तुझं दर्यादेवासमोर?”

पोरानं अफ्फुलकडे पाहिलं. अफ्फुलनं छत्रीकडे पाहिलं.

“मालक, ओतली नाही?”

“अरे ती एक पद्धत असते. नंतर ओततील.”

“मी खाली होतो,” पोर म्हणाला. “मंगळवारी, न सांगता, तोंडात नळी घेऊन, मी त्याच्या अंथरुणावर उभा होतो.”

त्यानं नळी ओढून खालच्याला खूण केली. दुसरा वर आला, त्याला दोन शब्दांत गोष्ट कळली आणि त्यानं बोटीवर चढून कमरेला वजन म्हणून बांधलेले शिशाचे तुकडेच काढून टाकले. अफ्फुलनं पगार वाढवून देतो म्हटलं, मग ओरडून पाहिलं, मग तुमच्यासारख्या गावंढळांमुळे देश मागे आहे असं म्हणून पाहिलं. पहिल्या पोरानं फक्त कोबिनाला विचारलं, “या परत ठेवायला एकदा जाऊ? घ्यायला नाही. ठेवायला.”

कोबिनानं विचार केला. मंगळवारच्या आयुष्यात असा प्रश्न पूर्वी आला नव्हता. “जा,” तो म्हणाला. “आणि माफी माग. मोठ्यानं नको, पाणी जाईल तोंडात.”

बोटीला वल्ही नव्हती. जप्त काय करायचं हा पेच होता, तो एकोवनं अफ्फुलची छत्री उचलून सोडवला. पोलिसांची बोट त्या दिवशी आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी नानांच्या अंगणात बदामाच्या झाडाखाली एवढी गर्दी जमली, की मासे विकायला आलेल्या बायका विक्री सोडून बसल्या. आजवर कोबिनानं ज्यांच्या कोंबड्या खाल्ल्या होत्या ती सगळी माणसं पुढच्या रांगेत होती. छत्री सोडवायला अफ्फुलही आला होता. छत्रीशिवाय तो जरा नागडा दिसत होता.

एकोवनं साक्ष दिली. रंगवून दिली.

नानांनी विचारलं, “तू पण तिथे होतास.”

“साक्षीदार म्हणून.”

“वल्हं कुणाच्या हातात होतं?”

“साक्षीदाराच्या.”

अंगण हसलं. नानांनाही कोबिनाला शिक्षा करायची नव्हती, कारण जे काम त्यांनी उद्यावर टाकलं ते त्यानं आज केलं होतं. ते घसा साफ करून म्हणाले, “जाळं नव्हतं. गळ नव्हता. मासा एकही आला नाही. मग मंगळवार मोडला असं कसं म्हणायचं?” पंचांनी माना डोलावल्या. सगळे सुटकेचा श्वास घेणार तोच कोबिना उठला.

“नाना, एकोवच्या टोपीलाही गळ नव्हता.”

कोबिना पंचांकडे वळला.

“कोंबडी घेतली आपण त्याची. मी तंगडी खाल्ली. आता मला सोडलंत तर ती तंगडी माझ्या घशात उभी राहील. दंड सांगा.”

एकोव त्याच्याकडे पाहतच राहिला. इतक्या वर्षांनी, भर सभेत, त्याच्या टोपीचा कुणी उल्लेख केला होता.

दंड झाला. मेंढा, आणि ‘मी काय केलंय तुमचं?’ हंगामभर वाळूवर. साक्षीदाराचाही गुडघा भिजला होता, म्हणून एकोवला कोंबडी. “पुन्हा,” एकोव आभाळाकडे बघून म्हणाला.

पण कोबिना खाली बसला नाही. “होडी ओढा वर. मला तक्रार नाही. पण आज बुधवार आहे. मी काल एक दिवस राखला. आज हा माणूस दुसरे पाणबुडे घेऊन आला तर मी त्याला काय सांगू? माझ्याकडे दाखवायला फक्त मंगळवार आहे.”

अफ्फुल शांतपणे म्हणाला, “मी गुरुवारी येणार होतो.”

कोबिना काठीवर भार टाकून उभा होता आणि पहिल्यांदाच म्हातारा दिसत होता.

“मग देऊन टाका ना,” एकोव करवादला. कोंबडीचं दुःख ताजं होतं. “त्या सासूला कायमचा मंगळवार देऊन टाका. तिथे रोज मंगळवार. म्हणजे हा रोज खूष, आणि आम्ही रोज कोंबड्या आणतो.”

लोक खो खो हसले. नाना हसले नाहीत. त्यांनी पंखा खाली ठेवला.

“पुन्हा बोल.”

“मी गंमत केली, नाना.”

“ते कळलं. पुन्हा बोल.”

एकोव पुन्हा बोलला, जरा हळू. नाना पंचांकडे वळले. “घरात म्हातारं माणूस असलं की एक खोली त्याची म्हणून सोडतो आपण. तिथे कुणी आवाज करत नाही. दर्यादेवाला एवढ्या मोठ्या घरात एक खोली सोडली तर आपलं काय जातं? जाळी तिथे फाटतातच. नाहीतरी कोण शहाणा तिथे जातो?”

“मी गेलो होतो,” मागून एक तांडेल म्हणाला. “जाळं गेलं.”

“झालं तर.”

अशा रीतीनं नाना एजिरांनी आयुष्यातला दुसरा झटपट निर्णय घेतला. कपाटातली बाटली आणवली. सगळं गाव किनाऱ्यावर गेलं आणि नानांनी अफ्फुलची जिन, अफ्फुलच्या देखत, समुद्रावर ओतली. ज्या रेषेत मनोरा झाडाआड लपतो तिथे आता कायमचा मंगळवार, असं दर्यादेवाला मोठ्यानं सांगितलं. अफ्फुल म्हणाला, हा काही कायदा नव्हे. नाना म्हणाले, “नाही. तू पाणबुडे शोध.” पण ती दोन पोरं तोवर सेकोंदीला पोचली होती आणि मंगळवारी कुणाच्या अंथरुणावर उभं राहिलो ते सगळ्या किनाऱ्याला सांगत सुटली होती. अफ्फुल छत्री घेऊन गेला तो परत आला नाही. सेलासीच्या खात्यानं केलेली तक्रार त्याच्यामागे अजून फिरते आहे असं म्हणतात.

हंगाम आला. यंदा तारली अशी आली, की पाणी चांदीसारखं दिसत होतं, आणि कोबिनाची होडी पालथी पडून होती. त्याचे खलाशी एकोवच्या होडीवर गेले. ‘जळणाऱ्यांनी जळावं’ भरून आली की एकोव एक टोपली मासे एकुआच्या भट्टीपाशी आणून आदळायचा. “साक्षीदाराकडून,” म्हणायचा आणि निघून जायचा. कोबिनाचं घर त्या टोपलीवर निभावलं. पोटभर नाही, पण निभावलं.

स्वतः कोबिनाला मात्र फुरसत राहिली नाही. पूर्वी आठवड्याला एक मंगळवार राखायचा, आता रोजच मंगळवार होता. सकाळी पेज प्यायची, काठी घ्यायची, किनाऱ्यावर बसून त्या रेषेकडे बघत राहायचं. हात रिकामे म्हणून एकुआनं भट्टी त्याच्या बसायच्या जागेजवळ हलवली आणि मासे उलथायला लावलं.

हंगाम सरता सरता सेलासी तयारीनं आली. दोन माणसं, नवं पिंप, नवी पाटी. होडी कधी निघते म्हणून तिनं विचारलं.

“नाही निघत,” कोबिना मासा उलथत म्हणाला. “आज मंगळवार आहे.”

“आज शुक्रवार आहे, पापा.”

“इथे शुक्रवार आहे. तिथे मंगळवार.”

तिनं सगळी हकिकत ऐकली, मध्येच खाली बसली, आणि नंतर बराच वेळ हसत होती. मग डोळे पुसून म्हणाली, “परातींना हात लावणार नाही. फक्त कुठे काय आहे ते बघून, कागदावर चित्र काढून घेऊन येईन. देवाला विचारायचं असेल तर काय लागतं?”

“बाटली. आणि मेंढा.”

“प्रत्येक वेळी?”

“दर मंगळवारी,” कोबिना म्हणाला.

ती नानांकडे निघाली. एकोव तिच्या मागोमाग चालला, मेंढा चांगला कुठे मिळतो ते सांगत. ती नवी पाटी वाळूवर आडवी ठेवलेली होती. एकुआ जरा वेळ तिच्याकडे बघत राहिली. पत्रा खरंच चांगला होता.

“तिला हात लावायचा नाही,” कोबिना म्हणाला.

“कोण लावतंय.” तिनं भट्टीच्या जाळीवरचे मासे एका बाजूला सारून आणखी माशांसाठी जागा केली. नवरा भट्टीशी बसून निमूटपणे मासे फिरवत होता, डोळे धुरानं लाल झाले होते. एकुआनं त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या डोक्यावरून लांब पाण्याकडे पाहिलं.

“जन्मभर सांगत होती, समुद्र सोड आणि घरी बसून मासे धुरव,” ती म्हणाली. “शेवटी बसवलंच तुला आईनं.”

कोबिनानं एक तारली उलटली, खालची बाजू नीट सोनेरी झाली आहे का ते पाहिलं, आणि मान वर न करता म्हणाला, “सासूबाईंना सांग, मीठ कमी पडलंय.”